चूलबंद आवतण

साखरपुड्याला निघायची घाई उडाली होती आणि पुष्पावतीबाईंना एकच घोर लागला होता. श्रीरामपूरच्या पाहुण्यांवर दरारा बसायला हवा. नातू हर्षलची होणारी बायको पंकजा शिकलेली, बाजारपेठेच्या गावातली. अशा पोरीला पहिल्याच दिवशी घरात वडीलधारं कोण ते कळलं नाही, तर पुढं जन्मभर कळत नाही, असं त्यांचं मत. आणि त्यांची मतं बेलापुरात कुणी खोडत नसे. नवरा भिमाजी तर मुळीच नाही.

मंगल कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर घरातल्यांचे फोटो, व्हिडिओ लागणार होते. सून ज्ञानेश्वरी, म्हणजे हर्षलची आई, गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. सगळ्यांच्या मोबाईलमधलं वर्षानुवर्षांचं चित्रण तिच्या लॅपटॉपमध्ये नावं देऊन साठवलेलं. त्यातून नेमकं हवं तेवढं उचलायला ती पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत चार ओळी लिहीत होती. सासूबाई मागं उभ्या.

"त्ये काय लिवलंस?"

"'आजी_सत्कार' अन् पुढं चांदणी, आत्याबाई. चांदणी म्हंजी पुढं काय बी असू द्या, चालतंय. ज्या फायलीचं नाव असं सुरू होतंय, तेवढ्या गोळा व्हत्यात."

"अन् बाकीच्या?"

"बाकीच्या ऱ्हात्यात जागच्या जागी."

पुष्पावतीबाईंची शाळा चौथीतच सुटली होती. पण आवतणाचं शास्त्र त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नाव घेऊन एकट्यालाच जेवायला बोलावलं की उरलेलं घर रुसतं. म्हणून त्यांच्या दारातून जायचं ते चूलबंद आवतण. लहानथोर सगळी या, आज तुमच्या घरची चूल पेटता कामा नये.

"त्यो सत्कार खोड," त्या म्हणाल्या. "नुस्तं 'आजी' ठिव अन् लाव तुझी चांदणी. बोलाव समद्यांना चूलबंद!"

ज्ञानेश्वरीचा हात थबकला. "आत्याबाई, त्यात काय काय निघंल... एकदा बघून तरी घेती."

"बघायचं काय? मी हितं तुझ्याम्होरं उभी हाय की! का माझ्या नावाचं काय वंगाळ हाय तुझ्याकडं?"

बाहेर पाहुण्यांनी भरलेला टेम्पो हॉर्नवर हॉर्न मारत होता. तिनं 'सत्कार' खोडलं.

कार्यालयात पहिल्यांदा पडद्यावर सत्कारच लागला. शाल, नारळ, पुष्पावतीबाईंची ताठ मान. पाहुण्यांत कुजबुज झाली. खुर्चीतल्या पुष्पावतीबाई आणखी ताठ झाल्या.

मग पडद्यावर बाज आली. बाजेवर पुष्पावतीबाई, तोंड उघडं, पोटावर कोंबडी. एकेका घोरण्यासरशी कोंबडी वर उचलली जाई आणि खाली येई. तिला त्याची सवय असावी.

"ज्ञाने, बंद कर त्ये!"

"कशी करू? पडदेवाला जेवाया बसलाय. तुमीच त्याला म्हणला, आधी जेवून घे."

तोवर पडद्यावरच्या पुष्पावतीबाई फोनवर डॉक्टरांना सांगत होत्या, "गोड? शिवत बी न्हाई!" तोंडात श्रीखंड असल्यानं शब्द जरा जड येत होते. पाठोपाठ जुन्या टूथब्रशनं त्या नवऱ्याच्या मिशीला कलप लावू लागल्या. "हालू नका, नाकाला लागंल... हां! आता कसं नवरदेव दिसताय!" भर मांडवात भिमाजींनी मिशीवर हात ठेवला.

शेवटी त्या बहिणीशी बोलताना दिसल्या. "आमची ज्ञाना म्हंजी सोनं हाय, सोनं. पर तिच्याम्होरं बोलू नगं, डोक्यावर बसंल."

पुष्पावतीबाईंनी झटक्यानं सुनेकडं पाहिलं. ज्ञानेश्वरी जमिनीकडं बघत होती. पण चकित मुळीच दिसत नव्हती. म्हणजे ही बया सगळं ठाऊक असून रोज मुकाट बोलणी खात होती!

मांडव हसून लोळत होता. दरारा तर गेलाच. निदान सोयरीक वाचावी म्हणून पुष्पावतीबाई पंकजाच्या आईकडं गेल्या. "विहीणबाई, त्ये मनावर घेऊ नका. मी तशी न्हाई."

विहीणबाईंनी डोळे पुसले. "अवो, लई बरं झालं! पोरगी कालपासून जेवली न्हवती. कुणी तरी सांगितलं, आजेसासू वाघीण हाय, गाव चळाचळा कापतंय. सकाळी तर म्हणली, मोडा हे लग्न. आता बघा कशी हसतीय!"

"वाघीण?" पुष्पावतीबाई थबकल्या. "श्रीरामपुरात म्हणत्यात असं?"

"निम्म्या बाजारात."

"हां. मंग बराबर हाय." त्यांची मान हळूहळू जागेवर आली.

पंकजा पाया पडायला वाकली, तरी तिचं हसू आवरत नव्हतं. "हसू नगं," पुष्पावतीबाई गुरकावल्या. "बाजार म्हणतोय त्येच खरं हाय. कळलं का?"

पोरीनं ज्ञानेश्वरीकडं पाहिलं. ज्ञानेश्वरीनं डोळ्यांनीच खूण केली. लगेच पंकजानं मान खाली घातली, पदर सावरला आणि बारीक आवाजात म्हणाली, "हो आजी. लई भीती वाटते."

"वाटायलाच पायजे," असं म्हणत पुष्पावतीबाईंनी तिच्यावरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.