पातेलं रिकामं पाहिजे

"कंपायलर-बिंपायलर काही नको! कोड मी हातानेच लिहिणार!" असं गौरवने परंदवडीतल्या अर्ध्या आळीला सांगून ठेवलं होतं. सात महिने नोकरी शोधत होता बिचारा. आज दहाला ऑनलाइन मुलाखत, आणि त्यात दाखवायचं कामही त्यानेच निवडलेलं: एरवी कंपायलर तयार करतो तो, जवळपास यंत्राच्याच भाषेतला, वेबअसेंब्लीचा कोड ओळ न् ओळ स्वतः लिहायचा, ब्राउझरशिवाय, कोड चालवणाऱ्या नुसत्या रनटाइमवर चालवायचा आणि एक ते शंभरची बेरीज पडद्यावर आणायची. ५०५०. बस्स!

नऊला त्याने कोड चालवून पाहिला. रनटाइम कुरकुरला: फंक्शन संपलं तरी स्टॅकवर, म्हणजे आकड्यांच्या चळतीवर, एक आकडा उरलाय, स्टॅक रिकामा पाहिजे.

"एवढंच ना?" म्हणत गौरवने शेवटी 'ड्रॉप' लिहिलं. म्हणजे, उरलंसुरलं टाकून दे. कुरकुर बंद! पण उत्तरही बंद. पडदा कोरा!

त्याने सगळे कंस दोनदा मोजले. रनटाइम काढून पुन्हा बसवला. त्याची धावपळ बघून शेजारचे दत्तोबा आबा आत आले.

"रेंज नसंल. पत्र्यावर चढ!"

"आबा, याला नेट लागतच नाही!"

"मंग तर लय बिघडलंय!" म्हणत आबांनी शिडी आणलीसुद्धा. शिडीत चार्जरची वायर अडकली आणि लॅपटॉप टेबलावरून निघालाच होता, तो गौरवने पोटावर झेलला! घड्याळात पावणेदहा.

आई, लीलाबाई, शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जायला निघाली होती. ती दारातच थांबली.

"काय झालं रं?"

"बेरीज बरोबर होती गं. पण शेवटी एक आकडा उरत होता. रिकामं पाहिजे म्हणे, म्हणून टाकून दिला."

"मंग उत्तर कुटं गेलं?"

"तेच तर सापडत नाही!"

"अरं, आमचं हेडमास्तर बी रोज म्हणत्यात, पातेलं रिकामं पाहिजे. म्हणून मी खिचडी उकिरड्यावर टाकते व्हय? पोरांना वाढते की!"

गौरवने कोड पुन्हा उघडला. उत्तर दर वेळी बरोबर निघत होतं आणि तोच ते फेकत होता! त्याने 'ड्रॉप' खोडलं आणि वर लिहिलं, की हे फंक्शन एक आकडा परत देईल. चालवलं. ५०५०! दहाला दोन मिनिटं कमी होती.

अकराला पलीकडून "सोमवारपासून या" आलं, आणि गौरवला भरून आलं. सात महिन्यांत आईने नोकरीचं एकदाही विचारलं नव्हतं. रोज विचारायची ते एवढंच, "जेवलास का?" हे उपकार कसे फेडायचे? ठरलं! आज आईने एकाही भांड्याला हात लावायचा नाही! त्याने घरातलं भांडं न् भांडं घासून आरशासारखं केलं.

दोनला लीलाबाई परतली. बातमी ऐकून तिने डोळे पुसले, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिला चकाकणारं पातेलं दिसलं.

"ह्यात तुज्या बापाचा भात व्हता. तीनला कामावरनं येतील. कुनाला वाढलास?"

खिडकीबाहेर दत्तोबा आबांच्या कोंबड्या उकिरड्यावर मन लावून जेवत होत्या.