पाथ्रीकर करवत पाहतात

माझे आयुष्य महाविद्यालयात दुसऱ्यांनी लिहिलेले समजावून सांगण्यात गेले. अशा माणसाने निवृत्तीनंतर स्वतःच लिहू लागावे हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. माझ्या अंगी प्रतिभा असल्याचा संशय मला किंवा माझ्या घरच्यांना कधीही आलेला नाही. मी लिहायला बसलो तो निव्वळ वैतागून, आणि त्या वैतागाचे नाव विनायकराव पाथ्रीकर.

पाथ्रीकर गारखेड्यात आमच्या शेजारच्या घरात राहतात. वाळूजच्या एका कारखान्यात ते तयार माल तपासण्याच्या कामावर होते. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. इतरांच्या खिशात जिथे पेन असते, तिथे त्यांच्या व्हर्नियर असतो. केसाची जाडी मोजणारी ती पोलादी पट्टी. पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी बशीतले एक बिस्किट मोजले, मग दुसरे मोजले, आणि माझ्या पत्नीला गंभीरपणे विचारले, "वहिनी, ही एकाच पुड्यातली आहेत का?"

"चालवून घेणं हा गुन्हा आहे, सर," हे त्यांचे जीवनसूत्र, आणि "रिजेक्ट" हा त्यांचा निकाल. पुतणीला सांगून आलेले स्थळ, गल्लीतला नवा गतिरोधक, माझ्या मिशीची डावी बाजू, सगळे रिजेक्ट.

या गृहस्थांना एक टेबल सॉ घ्यायचा होता. लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध फटीतून वर आलेले गोल फिरते पाते, आणि शेजारी फळी सरळ सरकावी म्हणून एक आडवी पट्टी, जिला गाईड म्हणतात, यंत्र इतकेच. कारणही उघड होते. त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला होता आणि त्या चाकाच्या खुर्चीला खिळल्या होत्या. घराचे जोते उंच, दाराशी पायऱ्या. आजारपणापासून त्या फाटकापर्यंतसुद्धा आल्या नव्हत्या. पाथ्रीकरांना पायऱ्यांवर लाकडी उतार बसवायचा होता.

"एखाद्या मिस्त्रीला सांगा," मी म्हणालो.

"मिस्त्री अंदाजानं कापतो, सर. चाक अंदाजानं चालत नाही."

हे मला पटले, आणि तिथेच मी फसलो. यंत्राच्या खरेदीला मी सोबत यावे असे ठरले. मी नाही म्हणू शकलो नाही. मला ते आयुष्यात कधीच जमलेले नाही.

त्यानंतर प्रत्येक रविवारी आम्ही करवत पाहायला निघालो. जुना मोंढा झाला, शहागंज झाले, बजाजनगरमधली जुन्या यंत्रांची गोदामे झाली. पाथ्रीकर आधी गाईड हलवून पाहत. मग यंत्र सुरू करायला लावून टेबलावर एक नाणे कडेवर उभे करत. नाणे पडले, तर रिजेक्ट. नाणे उभे राहिले, तर किंमत विचारत आणि म्हणत, "ह्या भावात माणूस सागाचं झाड घेईल." परवडणारे थरथरत होते आणि न थरथरणारे परवडत नव्हते. हा सिद्धान्त मला दुसऱ्याच दुकानात समजला होता. पाथ्रीकरांना तो शहरातल्या प्रत्येक दुकानात पडताळून पाहायचा होता.

शहागंजच्या एका दुकानदाराने शेवटी हात जोडले. "चचा, मशीन लेरे के दुल्हन देखरे?"

"दुल्हन पाहायला इतका वेळ नव्हता लागला," पाथ्रीकर म्हणाले. "चालू करा."

यंत्र सुरू झाले. नाणे चक्क उभे राहिले. गाईड हलला नाही. किंमत ऐकूनही सागाच्या झाडाचा उल्लेख झाला नाही. माझ्या आशा पल्लवित होतात न होतात तोच पाथ्रीकर माझ्या कानाशी आले. "सर, जरा बाहेर फुटपाथवर उभे राहा, आणि तिथून मला हाक मारा. मोठ्यानं नको. जरा येता का, इतकंच."

मला वर्गातही हजेरी घेताना घाम फुटत असे. तो मी भर शहागंजात, हातगाड्यांच्या गर्दीत उभा राहून, दुकानातल्या एका साठी उलटलेल्या पुरुषाला लाडिक आवाजात "जरा येता का" म्हणू लागलो. एक पेरूवाला हातातला तराजू तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला. पाथ्रीकर पाठमोरे उभे होते. मी पुन्हा म्हणालो. यंत्र घरघरत राहिले. मग त्यांनी बटण बंद केले.

"रिजेक्ट. ऐकू नाही आलं."

माझा तोल गेला; म्हणजे माझा आवाज किंचित चढला. "मग मी ओरडतो ना. सगळं शहागंज गोळा करतो. पण हे यंत्र घ्या. तुमच्या तपासणीपायी वहिनी घरात कोंडल्या आहेत."

पाथ्रीकर नाणे खिशात टाकत होते. ते थांबले. "तुम्ही ओरडाल, सर. तिला कुठं ओरडता येतं?"

झटक्यानंतर वहिनींचा आवाज धाग्याएवढा उरला होता, हे मला ठाऊक होते. अंगणात पाते फिरत असताना आतून त्यांनी पाणी मागितले, तर ते ऐकू येणारे यंत्र हा माणूस शहरभर शोधत होता. असे यंत्र कुठल्याच भावात मिळत नाही, हे त्याला सांगायचे कसे? दुकानदाराने टेबलावर फडके फिरवले.

"तुम्ही फळ्या कापा," मी म्हणालो, "मी वहिनींजवळ बसतो."

यंत्र त्याच दिवशी रिक्षाने घरी आले.

आता दुपारी मी वहिनींच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसतो आणि पाथ्रीकर अंगणात कापतात. कापतात त्यापेक्षा रिजेक्ट जास्त करतात. मी वाचू लागलो की पाते किंचाळते, थांबलो की तेही थांबते. खिडकीतून भुसा येतो, चहावर तरंगतो. हा वैताग मी उताराच्या आशेवर सोसत होतो.

एके दिवशी शेवटची फळी उरली होती. वहिनींनी मला बोटाने जवळ बोलावले. मला वाटले, पाणी हवे असेल.

"ऐका की, भाऊजी," त्या म्हणाल्या. एकेक शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागतो. "मशीन बंद होईल, तेव्हा ऐका."

अंगणात पाते थांबले. आणि त्यानंतर क्षणभर, थांब म्हणून कुणी सांगायचे विसरून गेल्यासारखा, पाथ्रीकरांचा आवाज मोकळा चालू राहिला. ते गात होते. चाल एका गाण्याची, शब्द दुसऱ्याचेच, आणि सूर त्यांनी स्वतःच रिजेक्ट केला असता असा. मग एकदम शांतता.

"त्यांना वाटतं, मशीनमधी कुणाला ऐकू जात नाही." वहिनींचा अर्धाच चेहरा हसतो, तो हसला. "इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं, हे गातात म्हणून. मी पडल्यापासून तर जोरात खोकतसुद्धा नाहीत. सारखे कान माझ्याकडं."

"उद्या उतार पुरा होईल, वहिनी. तुम्ही फाटकापर्यंत जाल."

"जाईन की. पण मग मशीन बंद. अन् हे परत माझ्या उशाशी, गप्प." त्यांनी माझी बाही धरली. "त्यांना दुसरं काही काम सांगा ना, भाऊजी. मी सांगितलं म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी उतार बसला. खुर्ची त्यावरून इतकी अलगद उतरली की पाथ्रीकरांना तपासायलाही काही उरले नाही. फाटकाशी वहिनी बराच वेळ रस्ता पाहत बसल्या. पाथ्रीकर यंत्रावर चादर घालायला निघाले, तेव्हा मी घाईने म्हणालो, "मला एक पाट हवा होता."

पाट झाला. मग पुस्तकांचे फडताळ झाले, चपलांचे झाले, माझ्या पत्नीने न मागितलेले मसाल्यांचेही झाले. दुपारी मी वहिनींजवळ बसतो, भुसा गिळतो, आणि यंत्र थांबण्याची वाट पाहतो. पण आता आमच्या घरात लाकूड ठेवायला जागा उरलेली नाही, आणि पत्नीने निर्वाणीचा इशारा दिला आहे. संकोच बाजूला ठेवून विचारतो: आपल्या घरी लाकडाचे काही काम निघण्यासारखे आहे का?