तिसऱ्या रांगेच्या स्वारीची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून, जे घडले ते न वाढविता व न लपविता लिहिले जाते ऐसे जे की, मौजे ईट येथील सेवानिवृत्त कारकून राजेश्री दत्तोपंत यांचे कुटुंब शारदाबाई यांनी धाराशिव नगरीच्या नाट्यगृहावर स्वारी केली, तिची ही हकीकत. शारदाबाई म्हणजे ही लिहिणारीच. परंतु आपली फजिती "मी, मी" करून लिहिण्यास संकोच वाटतो, सबब दुसऱ्या कोणाची असल्यासारखी लिहिली आहे.

स्वारीचे कारण ऐसे. बाईंची नात अक्षरा, उमर वर्षे दहा, शिक्षणानिमित्त आईबापांसह धाराशिवी मुक्काम, सुटीत मात्र आजीपाशी. तिचे अभंगगायन नाट्यगृही स्पर्धेत होणार होते. गतवर्षी हीच कन्या रंगमंचावर उभी राहिली आणि समोर सारे अनोळखी चेहरे पाहून तिचा कंठ बंद झाला, आणि मग एक शब्द न गाता ती खाली उतरली, आणि मग चार महिने पेटीला हात लाविला नाही. म्हणोन यंदा तिने तहात कलम घातले, "आजी, तू तिसऱ्या रांगेत मधोमध बस. तू दिसलीस तरच मी म्हणणार." बाईंनी कलम मान्य केले. परंतु स्पर्धा पडली सोमवारी दुपारी, आणि सोमवारी बाईंचे मौन, सूर्योदयापासून सांजवात लागेपर्यंत, अकरा वर्षे अखंड. याचा बाईंस थोडा गर्वही होता, तो लपविणे बरे नव्हे.

सबब शेजारच्या धुरपदाबाई यांस वकिलीची वस्त्रे देऊन बरोबर घेतले, की बाईंनी खुणा कराव्या आणि त्यांनी बोलावे. पिशवीत पोथी, केळ्यांची फणी आणि पूजेची घंटा घेतली, कारण सांजवेळ जेथे गाठील तेथे आरती करण्याचा बाईंचा नेम. सुटीत याच घंटेच्या नादावर अक्षरा रोज सकाळी रियाजास बसत असे.

मग ईटच्या फाट्यावर एसटी येताच बाईंनी खिडकीतून हातरुमाल आत फेकला आणि बाकडे काबीज केले, आणि कोणाची हरकत न येता फौज धाराशिवी दाखल झाली. येथेच बुद्धीस भ्रम पडला. रुमालापुढे एसटी नमली तर नाट्यगृह काय चीज आहे, ऐसा विचार करून, बरोबर आलेले पंत नाक्यावर चहा घेत आहेत तोवर बाई नाट्यगृहावर चालून गेल्या. द्वारपाल शिवलिंग याने पिशवीतली घंटा पाहून, ह्या नटराजपूजेस आल्या असतील ऐसे समजून, वाट दिली. मग तिसऱ्या रांगेत मधोमध एका खुर्चीवर रुमाल, दुसरीवर पोथी, तिसरीवर केळी ऐसे ठाणे बसवून दोघी दीड घटका आनंदात राहिल्या.

इतक्यात आण्णासाहेब वकील, मिशा भरघोस, हाती पास, ऐसे येऊन उभे राहिले आणि ही जागा आपली म्हणोन कळविले. बाईंनी रुमालाकडे बोट केले.

"रुमाल टाकलाय की आमी," धुरपदाबाई म्हणाल्या.

"रुमालाला नंबर नसतो बाई, पासाला असतो."

आता बाईंस उमगले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून खूण केली की, चुकले, उठू या. धुरपदाबाईंनी तिचा अर्थ ऐसा लाविला, "बाई म्हणत्यात, उठवून दावा."

मग मोठा कल्लोळ झाला. इतक्यात दत्तोपंत आले आणि खिशातून आपले पास काढिले, तो ते बाल्कनीचे, शेवटच्या ओळीचे. पंतांनी एवढेच म्हटले की, विचारले असते तर सांगितले असते. पण विचारावे कसे? फौज पोथी आणि केळी घेऊन जिना चढली. रुमाल आण्णासाहेबांच्या खाली गेला, तो मागण्याचे धैर्य आजतागायत झाले नाही.

मग अक्षरा रंगमंचावर आली. तिने तिसऱ्या रांगेत मधोमध पाहिले, तो आजीच्या जागी मिशा. पेटीवाल्याने सूर दिला, पुन्हा दिला, तिसऱ्यांदा दिला, आणि पोरीचे पाऊल मागे सरले.

"बोला की बाई आता," धुरपदाबाई कुजबुजल्या. "देव काय परका हाय व्हय?"

बाईंच्या चित्तात त्या क्षणी जे युद्ध झाले ते लिहिण्यास लाज वाटते, कारण एका बाजूस नात आणि दुसऱ्या बाजूस अकरा वर्षांचा हिशेब, आणि तरीही बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि घंटा काढून रोजच्यासारखी वाजविली. पडदेवाला ही तिसरी घंटा कशी राहिली म्हणोन गडबडला आणि अर्धा पडदा ओढून पुन्हा मागे घेता झाला; सारे सभागृह हसले. पण पोरीने मान वर केली, अंधारात बाल्कनीकडे पाहिले, आणि सकाळी देवघरापाशी बसते तशी डोळे मिटून गाऊ लागली. आणि अखेरच्या आलापास सुरावर अशी टेकली की बाल्कनीतून मोठ्याने "वा!" ऐसा शब्द निघाला. सांजवातीस अद्याप दोन तास होते.

मग अक्षरा जिना चढून धावत आली आणि आजीच्या कुशीत शिरली.

"आजी, घंटा तुझीच ते लगेच कळलं. पण 'वा' कोण म्हणालं?"

बाईंनी धुरपदाबाईंकडे बोट केले.

"व्हय, म्याच म्हणलं," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि बाईंकडे मुळीच पाहिले नाही.

येणेप्रमाणे तिसरी रांग न घेता स्वारी फत्ते झाली, कन्या अभंग पूर्ण गाऊन उतरली, बक्षीस कोणास गेले ते फौजेत कोणी विचारले नाही. या कामी मौन एका अक्षराने आणि सत्य एका बोटाने खर्ची पडले. सबब पुढील सोमवारी बाईंनी दुप्पट उपास धरावा, आणि त्याआधी, मौन नसेल त्या दिवशी, अक्षरास खरे काय ते सांगावे, ऐसा देवीपुढे ठराव झाला. उपास झाला. दुसरे कलम बाकी आहे. ते येथे लिहून मोकळी होत आहे. चि. अक्षरा, वाचावे.