साठ पाने बाकी

वाचलेल्या ग्रंथाचा आनंद दुसऱ्यास वाटावा, हा सज्जनांचा धर्मच होय. परंतु ऐकणाऱ्याचे वाचन कुठवर आले आहे, हे आधी विचारून घेणे हाही त्याच धर्माचा भाग आहे. या दुसऱ्या भागाचे विस्मरण झाल्यामुळे वलगावच्या बुधाजी इंगळे यांच्या कन्येचा विवाह मोडण्याच्या बेतास आला होता.

दीपमाला अमरावतीस एका रक्ततपासणी केंद्रात नोकरीस होती आणि एसटीच्या रोजच्या प्रवासात पुस्तकांचा फडशा पाडीत असे. त्या रविवारी अकोल्याहून सुगत आणि त्याच्या मातोश्री चतुराबाई तिला पाहावयास येणार होत्या. सुगत तिला एका लग्नात दिसला होता आणि आवडला होता, हे घरात सर्वांस ठाऊक होते. म्हणूनच बुधाजींनी सकाळी तिला बजावले.

"मागच्या पाव्हण्यांसमोर तू अर्धा घंटा पुस्तकावर बोलली. ते चहा न पेता गेले. आज हो नाहीतं नाही, येवढंच बोल."

पाहुणे आले, जयभीम झाला, पोह्यांच्या बश्या फिरल्या. निवृत्त मुख्याध्यापिका चतुराबाईंनी पहिलाच प्रश्न केला.

"सध्या काय वाचून राह्यली, बाई?"

दीपमालेने वडिलांकडे पाहिले. चतुराबाई म्हणाल्या, "बोल नं. आमच्या घरात दोन माणसं, अन् वाचणारी मी एकटी. वाचलेलं सांगावं कोणाले?"

एवढ्या आर्जवापुढे मौन टिकणे अशक्यच होते. दीपमालेने एका जाड रहस्यकादंबरीचे नाव घेतले. चतुराबाईंचा चेहरा उजळला; पण त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच दीपमाला रंगात आली होती.

"खुनी कंपाउंडर निघाला, तरी मले त्याचीच कीव आली, काकू."

चतुराबाईंनी बशी खाली ठेवली. पिशवीतून तेच पुस्तक काढले. त्यात बसचे तिकीट खुणेला घातलेले होते.

"माही साठ पानं बाकी हायेत," त्या म्हणाल्या.

बुधाजी घाईने पुढे सरसावले. "तिनं वाचलंच नाही जी हे पुस्तक. उगाच सांगून राह्यली."

"म्हणजे पोरगी खोटं बोलते?"

"खोटं नाही बोलत," दीपमालेची आई मैनाबाई म्हणाल्या. "वाचलं तिनं. पण तिच्या ध्यानात काही राहत नाही."

"अन् हे रक्त तपासते. कोणाची शुगर कोणाच्या नावावर लिहत असन?"

"आई, पुस्तकच तं हाये ते," सुगत हळूच म्हणाला.

"तू चूप राय. बारावीपासून एक पुस्तक पुरं केलं नाही तू."

आईवडिलांच्या साहाय्याने आपण लबाड आणि विसराळू ठरलो, आता आणखी काय ठरायचे, असे मनाशी म्हणून दीपमाला उभी राहिली.

"काकू, मी वाचलं, अन् सारं ध्यानात हाये. पण वाचनालयाच्या पुस्तकाची शेवटची अकरा पानं फाटेल होती. दुसरं कुठं भेटलं नाही. कंपाउंडर हा माहा अंदाज हाये. पक्का हाये, पण अंदाज."

बुधाजींनी कपाळाला हात लावला. चतुराबाई पुस्तक घेऊन, चष्मा लावून अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि वाचू लागल्या.

आता पाहुणीचे वाचन संपेपर्यंत यजमानांनी करावे तरी काय? पोहे निवले. चहा दोनदा गरम झाला. बुधाजी दर पाच मिनिटांनी दारातून डोकावून किती पाने उरली याचा अंदाज घेत होते. त्या दीड तासात सुगत आणि दीपमाला यांच्याकडे लक्ष देण्यास कोणालाच सवड नव्हती. ती दोघे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी निवांत बोलत राहिली.

अखेर चतुराबाई आत आल्या.

"कंपाउंडर नाही."

"मंग कोण?" दीपमाला दोन पावले पुढे आली. "नवऱ्याची बहीण? वकील?"

चतुराबाईंनी पुस्तक पिशवीत घातले आणि चेन ओढून घेतली. "तुहा अंदाज चुकला, पण माह्यापेक्षा बरा होता. माहा तं माळ्यावर संशय होता. आता शेवट इथं नाही सांगत. अकोल्याले सून म्हणून येशीन, तवा वाच."

मैनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बुधाजींनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले. "दिवाळीनंतरचा एखादा रविवार पाहू काय जी?"

"बाबा," दीपमाला खाली मान घालून म्हणाली, "दिवाळीच्या अलीकडचा पाहा."

ज्या घरी सासू आणि सून एकाच पुस्तकासाठी एकमेकींची वाट पाहतात, त्या घरी सदैव मंगल नांदो.