त्रेचाळीसपट लहान स्टेपनी

माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. एकदा साखरेच्या डब्यातली सुटली होती, पण ते प्रकरण मी हाती घेतलेलंच नव्हतं. माझी सहायक म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला सहायक म्हटलेलं चालत नाही, म्हणून मी ते फक्त लिहितो.

दुपारी तीनला दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. शंभर वर्षांपूर्वीच्या राजेशाही मोटारींच्या छोट्या प्रतिकृती ते जमवतात. सहा वाजता प्रतिकृतींची स्पर्धा होती आणि त्यांच्या सर्वांत देखण्या मोटारीची स्टेपनी गायब होती. तीन वर्षं त्यांचा दुसरा नंबर येत होता.

"चाक कमी म्हणजे सरळ बाद," ते म्हणाले. लोकांच्या अक्कलदाढा हसत उपटणारा माणूस रडकुंडीला आला होता.

त्यांच्या घरी काचेच्या कपाटात मोटार उभी होती. पितळी दिवे, दुमडता टप, तारांच्या आऱ्यांची चिमुकली चाकं. शेजारी धुळीत एक ठसा होता. मी मोजला, दोन सेंटिमीटर.

"मोटार खऱ्या मोटारीपेक्षा त्रेचाळीसपट लहान ना? मग गुणा. चोराचा बूट शहाऐंशी सेंटिमीटरचा आहे."

"आणि उंची?" बहिणीने विचारलं.

"पाच मीटरच्या वर."

"दारातून आत कसा आला?"

"वाकून."

मी डॉक्टरांकडे त्यांच्या शत्रूंची यादी मागितली. त्यांनी पेशंटची वही आणून दिली. तीत एवढा उंच कोणी सापडेना. मग मी ड्रायव्हरवर संशय घेतला, पण तो सीटला चिकटवलेला निघाला. तरी चेहरा अपराधी होता, म्हणून मी त्याची उलटतपासणी सुरू केली.

"डॉक्टर," बहीण म्हणाली, "तुमच्या कोटाच्या मधल्या बटणाला आरे आहेत."

"मीच लावलं ते," डॉक्टरांच्या आई आतून येत म्हणाल्या. "तुझं बटण तुटलं होतं. कपाटात हे सुटं पडलेलं दिसलं. आणि तो ठसा माझ्या अंगठ्याचा आहे. धूळ पुसायला गेले की तू ओरडतोस."

"आई, अगं ती स्टेपनी आहे. तू तर या मोटारींना खेळणी म्हणतेस, ढुंकूनही बघत नाहीस."

"खेळणीच आहेत. पण या वर्षी तू पहिला येणार. स्टेजवर उघड्या कोटानं जाणार होतास?"

डॉक्टरांनी वाकून आईला नमस्कार केला. आपल्या मोटारी आईच्या खिजगणतीतही नाहीत, असं ते अकरा वर्षं समजत होते. मलाही गलबलून आलं आणि मी तसं वहीत नोंदवलं.

स्टेपनी मोटारीवर गेली. डॉक्टरांच्या कोटाला बटण हवं होतं, ते बहिणीने मला न विचारता माझ्या कोटाचं कापलं. डॉक्टरांचा पहिला नंबर आला. माझा कोट अजून उघडाच आहे, पण फाइलवर मी 'प्रकरण बंद' असं लिहून टाकलं.