स्वागताचे थेंब

कार्यक्रम कसा करायचा हे शिकायचं असेल तर माझ्याकडं यावं! आमच्या नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या बैठकीत मी हे छातीठोकपणे सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून मला सचिव केलं. टाळ्या कशासाठी होत्या ते पुढं कळलं. दुसरं कुणी तयारच नव्हतं.

आता सांगतो, आम्हा डॉक्टरांना नोंदणी टिकवायची तर व्याख्यानं ऐकून क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ऐकून, बरं का! प्रत्यक्षात आमची मंडळी येतात, सही ठोकतात, मागच्या रांगेत मोबाइल चाळत बसतात आणि खालून नान-खलियाचा वास आला की जेवून पसार होतात. मागच्या खेपेला वैद्यकीय परिषदेच्या निरीक्षकांनी हा सगळा सोहळा डोळ्यांनी पाहिला. एकालाही पॉइंट दिला नाही! वर ताकीद दिली, पुन्हा असं दिसलं तर मान्यताच काढून घेऊ.

त्यात आप्पासाहेब! कन्नडला बेचाळीस वर्षं दवाखाना चालवणारे आमचे सगळ्यांत ज्येष्ठ सभासद. त्यांना दोन पॉइंट कमी पडत होते आणि नूतनीकरणाची मुदत बुधवारी संपत होती.

"ऋतुराज, बाबा, तुझ्या हातात हाय सगळं," ते फोनवर म्हणाले. "बाजाराच्या दिवशी साठ-साठ माणसं येतेत माझ्याकडं. त्यांना काय सांगू, डॉक्टर नापास झाला म्हणून?"

"आप्पासाहेब, तुम्ही बिनघोर राहा!" मी म्हणालो. माझा हा स्वभावच आहे, पुढचं न बघता शब्द देऊन टाकतो.

रविवारी सकाळी छावणीतल्या माझ्याच दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. विषय, डोळ्यांचा कोरडेपणा. आणि मला एक भन्नाट कल्पना सुचली! लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतात ना? आपण आल्या-आल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत ओलाव्याचा गारेगार थेंब टाकायचा! सगळे ताजेतवाने, जागे, खूश!

ही कामगिरी मी सरूबाईंवर सोपवली. सरूबाई बावीस वर्षं माझ्याकडं सिस्टर आहेत. "सरूबाई, खाली बाकड्यावर जे डॉक्टर येऊन बसतील त्यांना थेंब टाकायचे," एवढं बजावलं आणि मी माइक बघायला वर गेलो.

अर्ध्या तासानं खाली आलो तर काय शिस्त! अडतीस नेत्रतज्ज्ञ बाकड्यांवर ओळीनं, डोळे मिटून, मान वर. मीही जरा टेकलो.

"मान वर, सर."

मी केली मान वर. टप, टप. जरा झोंबलं.

"झोंबतंय हो, सरूबाई."

"दोन मिन्टं झोंबतंय. डोळे मिटून गप बसायचं. बोलायचं नाय."

हे वाक्य मीच त्यांना शिकवलेलं. गप बसलो. दहा-दहा मिनिटांनी तीनदा थेंब पडले तरी गप बसलो!

मग आप्पासाहेबांनी मोबाइल पुढं केला. "ऋतुराज, सुनेचा मेसेज आलाय वाटतं. मला काय दिसंना. वाच बरं."

मी मोबाइल घेतला. अक्षरांच्या जागी नुसता धुरळा! जवळ धरला, लांब धरला. खिडकीकडं पाहिलं तर डोळ्यांत ऊन घुसलं. कोपऱ्यात सरूबाईंच्या हातात बाटली होती, आणि एवढ्या लांबूनही तिचं लाल टोपण चांगलं दिसत होतं. आमच्या धंद्यात लाल टोपण म्हणजे तपासणीआधी बाहुली मोठी करायचं औषध! चार-पाच तास जवळचं वाचायचं नाव नाही, गाडी चालवायची नाही!

"सरूबाई! हे काय टाकलंत? ओलाव्याचे थेंब टाकायचे होते!"

"ते कुठं हायेत?"

ते माझ्या गाडीच्या डिकीत होते. मीच विसरलो होतो.

"मला वाटलं, आज डॉक्टरांचीच तपासणी हाय," सरूबाई म्हणाल्या. "बाकड्यावर बसला की थेंब, हे तुमीच सांगितलेलं. काचबिंदूवाल्याला हे थेंब चालत नाय, म्हनून काचबिंदू हाय का, ते पण इचारलं मी एकेकाला. समदे हसून नाय म्हनले!"

अडतीस नेत्रतज्ज्ञ! एकानंही बाटलीवरचं नाव विचारलं नाही. पेशंटनं विचारलं की आम्हीच खेकसतो ना!

तेवढ्यात दारात गाडी थांबली. निरीक्षक आले, हाडांचे डॉक्टर इंद्रजीत. बरोबर नाशिकच्या वक्त्या, डॉ. दीपमाला. पळायला वाट नव्हती. मी मंडळींना वर पिटाळलं, पडदे ओढले आणि मोतीबिंदूच्या पेशंटसाठी ठेवलेले काळे गॉगल वाटले.

निरीक्षक हॉलमध्ये येऊन थबकले. "हे काय? झोपलेत का सगळे?"

"छे छे! आजचा विषयच तसा आहे, सर. पेशंटचा अनुभव!" मी थाप मारली.

मग वक्त्यांची ओळख करून द्यायची होती. मी कागद धरला आणि आठवेल ते ठोकलं. "नागपूरहून खास आलेल्या, तीन सुवर्णपदकांच्या मानकरी..."

"नाशिक," दीपमालाबाई हळूच म्हणाल्या. "आणि पदक एकच आहे."

दीड तास व्याख्यान झालं. निरीक्षक मागं बसून सारखं काहीतरी लिहीत होते. मला पॉइंटचं नव्हे, आप्पासाहेबांचं वाईट वाटत होतं. एवढा म्हातारा माणूस माझ्या भरवशावर आला होता. शेवटी निरीक्षकांनी अहवालाचा कागद माझ्या हातात दिला आणि जेवायलाही न थांबता ते दीपमालाबाईंना घेऊन निघून गेले.

अडतीस गॉगल माझ्याकडं वळले. "वाच की!" आप्पासाहेब म्हणाले.

काय वाचू, कपाळ! सगळ्या हॉलमध्ये डोळे धड असलेल्या एकट्या सरूबाई होत्या. त्यांनी कागद घेतला, घसा खाकरला आणि बोट ठेवून वाचू लागल्या.

"श्रोत्यांचं लक्ष... वाखाणण्यासारखं होतं. एकानंही मोबाइल पाहिला नाही. एकही जण मधून उठून गेला नाही. असा कार्यक्रम... माझ्या पाहण्यात नाही. सर्वांना दोन पॉइंट मंजूर."

एकच गलका झाला! आप्पासाहेबांनी मला मिठी मारायला हात पसरले आणि माइकच्या खांबाला मारली. मीही छाती फुगवली. म्हटलं नव्हतं, शिकायचं असेल तर माझ्याकडं यावं!

"थांबा की, खाली अजून हाय," सरूबाई म्हणाल्या. "सचिवांनी मात्र ओळखीचा कागद उलटा धरला होता. त्यांनी एखाद्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाला डोळे दाखवावेत."

हॉल खदाखदा हसत होता. सरूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि खिशातून लाल टोपणाची बाटली काढली.

"चला सर, बाकड्यावर बसा. मान वर."

आणि खरं सांगतो, मी केली!