ओरडून सांगितलेला पासवर्ड

मेश्रामभाऊ आपला पासवर्ड पानठेल्यावरून ओरडून सांगत. हापिसाच्या खिडकीतून कोणी "भाऊ, पासवर्ड?" म्हटलं की तोंडातला खर्रा एका गालात सारून ते अख्ख्या गोंडपिपरीला ऐकू जाईल असं उत्तर देत. आणि त्या हापिसात माहितीच्या सुरक्षेचा पगार मी घेत होतो.

एकदा भाऊ चिमूरला पुतण्याच्या लग्नात पंगत वाढत होते, आणि इकडे त्यांच्या नावानं लोकांचे अर्ज मंजूर होत होते. मी तावातावानं जाब विचारला.

"मी नाई म्हणून लोकाईचं काम काऊन अडवाचं?" भाऊ म्हणाले.

"उद्या घोटाळा झाला तर?"

"आपल्याच माणसाले पासवर्ड नाई देत म्हनलं, तर त्याले चोर म्हनल्यासारखं नाई होत का, साहेब?"

माझं प्रशिक्षण याच्या अगदी उलट होतं. तिथे परदेशी गोरा माणूस पडद्यावर येऊन 'कोणावरही विश्वास ठेवू नका' एवढंच बजावून गेला होता. मी ते मन लावून शिकलो, तरी माझ्या मोबाइलचं लॉक उघडायचा आकडा बायकोला, मेहुण्याला आणि शेजारच्या काकूंनाही पाठ आहे. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी वर कळवलं. भाऊंना ताकीद आली: पुन्हा पासवर्ड सांगितला तर काम काढून घेऊ.

भाऊंनी नवा पासवर्ड घेतला आणि खरंच कोणाला सांगितला नाही. मी प्रत्येकाला वेगळं खातं उघडून दिलं आणि छाती फुगवून अहवाल पाठवला. कामं सुरळीत चालली. फक्त भाऊंच्या टेबलाशी कोणी येईनासं झालं. बायको वारलेली, मुलगी हैदराबादला. पासवर्ड मागायला येणारी माणसं हाच त्यांचा गोतावळा होता, हे मला उशिरा कळलं.

एका दुपारी त्यांनी मला बोलावून चहा पाजला.

"काही काम होतं का, भाऊ?"

"नाई. तुमचंच काही अडून राह्यलं असन तर सांगा. आजकाल मले कोणी काही मागत नाई."

मला फार वाईट वाटलं. "माझं खातंच उघडत नाही सकाळपासून," मी थाप मारली.

"मंग आधी नाई सांगाचं? माह्या खात्यातून करा ना." भाऊंनी लगबगीनं कीबोर्ड पुढे ओढला. मी नियमाप्रमाणे मान दुसरीकडे वळवली.

"इकडे पाहा ना, साहेब," ते हळूच म्हणाले. "तोंड काऊन फिरवून राह्यले?"

मी पाहिलं. मला नीट दिसावं म्हणून भाऊ एकेक अक्षर सावकाश दाबत होते.